गुरुवारचा धूर

पार्टी शनिवारी, माणसं साठ,
आणि रूफस गुरुवारीच पिंप पेटवतोय.
पाइन ब्लफमध्ये कुणी पाहिलं तर हसतील,
म्हणून त्याने गॅरेजचं दार अर्धं ओढून घेतलंय,
जणू धूर दाराला विचारून बाहेर जातो.

एकतीस वर्षं मी शाळेच्या भटारखान्यात काढली.
चारशे पोरं, अकरा चाळीसची घंटा.
मक्याचा पाव आज भाजला की काल,
एकाही पोराने कधी विचारलं नाही.
आता निवृत्ती माझी, पार्टी माझी,
तेव्हा हुकूमही माझाच:
शनिवारी या घरात कुणी घाम गाळायचा नाही.

"लोकांना शिळ्या बरगड्या वाढू?"
असा म्हणाला, की मी त्याच्या आईबद्दल काही बोलले असावे.
म्हटलं, शिळं वेगळं, मुरलेलं वेगळं.
शिळं म्हणजे जे उरलं.
हे आपण मुद्दाम राखून ठेवतोय.
पटलं नाही. पण परात घेऊन पायरीवर बसला.

बरगड्यांच्या पाठीला एक पापुद्रा असतो.
चमच्याच्या दांड्याने कड सैल करायची,
कागदाच्या चिमटीत धरून एका दमात ओढायचा.
त्याचा अख्खा निघतो, सापाच्या कातेसारखा.
माझा फाटतो. त्याला बरं वाटतं.
मग मोहरी, तपकिरी साखर, मिरी, लाल तिखट,
आणि बिनचिठ्ठीच्या डबीतलं काहीतरी,
ज्याचं नाव त्याने चौतीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.
सेलरीचं बी आहे.
मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

हिकरीची दोन लाकडं, मग एक, मग नुसता विस्तव.
चार तासांनी चिमट्यात उचललं तर वाकलं,
वरची साल जेमतेम तडकली.
"अजून तासभर," तो म्हणाला.
"उरलेला तास शनिवारी ओव्हन देईल."
अर्ध्यावर थांबणं या माणसाला जमत नाही.
भांडणातसुद्धा.

लोण्याचा खडा, सफरचंदाच्या रसाचा शिंतोडा, वर फॉइल.
कडा त्याने तशा दुमडल्या
जशी गिरणीतल्या पगाराच्या पाकिटाची दुमडायचा,
दोनदा, आणि वरून अंगठा.
फ्रीजमधून कलिंगड बाहेर, दुधाचे कॅन बाहेर,
चौदा चंदेरी पुडकी आत.
शुक्रवारी काहीच काम नव्हतं.
शुक्रवारी त्याने सहा वेळा फ्रीज उघडला.

हे सगळं कशासाठी, ते मी त्याला सांगितलं नव्हतं.
वसंतात कपाट आवरताना अल्बम निघाले होते.
ज्युनेलचं लग्न, थेरॉन नौदलात निघाला तो दिवस,
चर्चची पन्नाशी, माझी पन्नाशी.
एकाही फोटोत रूफस नाही.
कोपऱ्यात धूर आहे.
एकात कोपरापर्यंत हात, हातात चिमटा.
पुढे कागद संपतो.

शनिवारी दोन वाजता ओव्हन लावला, मंद.
तीनला पुडकी उघडली, रस्सा फासला,
दहा मिनिटं वरचा जाळ.
झालं. एवढंच.
तो पांढरा शर्ट घालून अंगणात उभा,
हातांचं काय करायचं ते न कळून.
खिशात घातले. काढले.
मग पिंपाकडे गेला,
आणि थंड झाकणावर तळवा टेकवून परत आला.

डीकन टिब्झने हाड लख्ख केलं, बोटं चाटली,
"रूफस, पहाटे कितीला उठलास रे?"
मी श्वास धरला.
"झोपलो होतो," रूफस म्हणाला.
सगळे हसले. कुणाचाही विश्वास बसला नाही.

काल फोटो आले.
मधोमध आहे तो, माझ्या खांद्यावर हात,
आणि डोळे बारीक केलेले,
जणू वारा फिरून
धूर त्याच्याकडेच येतोय.